डेस्कटॉपला एक्स्ट्रा फॅन लावायचाय, कुठे लावू आणि कसा लावू? (अकोल्याचा उन्हाळा, सल्ला हवा)

रेंडरवाला_अकोला

नमस्कार मंडळी. मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, घरीच सेटप आहे. एप्रिल लागला की आमच्याकडे पारा ४३-४४ च्या घरात जातो हे सगळ्यांना माहीतच आहे, आणि नेमका लग्नाचा सीझनपण तेव्हाच. मशीन असं आहे: इंटेल आय५ १०४००एफ प्रोसेसर, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, मिड टॉवर कॅबिनेट, समोरून पूर्ण काच, मागे १२० एमएमचा एकच फॅन, तो कॅबिनेटसोबत आला होता तोच. हिवाळ्यात काही त्रास नव्हता. आता मोठा एक्सपोर्ट टाकला की प्रोसेसर ९७-९८ ला जाऊन टेकते, कार्ड ८५-८६ दाखवते, आणि मग रेंडर एवढं स्लो होऊन राहिलं की पार्टीला दिलेली तारीख पाळणं कठीण झालंय.

इकडचा दुकानदार म्हणतो वरून एक फॅन मारून घे, गरम हवा वर जाते. वर दोन फॅनची जागा आहे, समोर तीनची. लावू का वर? कोणता घ्यायचा, वायर कुठे जोडायची, तेही जरा इस्कटून सांगा भाऊ.

तांबडी_तार

फॅन घ्यायच्या आधी एक टेस्ट करा, फुकट आहे. तोच एक्सपोर्ट लावा, अर्धा तास चालू द्या, टेम्परेचर लिहून ठेवा. मग कॅबिनेटची साईडची काच पूर्ण काढा आणि परत तेवढाच वेळ चालवा. दोन्ही वेळा खोलीचं तापमान सारखं पाहिजे, म्हणजे कूलर चालू असेल तर दोन्हीवेळा चालू. टेम्परेचर मोजायला एचडब्ल्यूइन्फो नावाचं सॉफ्टवेअर टाका.

काच काढल्यावर टेम्परेचर चांगलं ८-१० डिग्रीने उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, फॅनचा नक्की फायदा होईल. काहीच फरक पडला नाही तर दहा फॅन लावून उपयोग नाही, मग लोचा प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये (त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आहे. एकतर धूळ बसली असेल, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली असेल किंवा प्रोसेसरसोबत आलेल्या इंटेलच्या स्टॉक कूलरच्या (हीटसिंक आणि फॅन) चार पिनांपैकी एखादी नीट बसली नसेल.

लाल_माती

+१. आधी टेस्ट. आणि हिवाळ्यात नीट चालत होतं हेपण लक्षात घ्या. खोलीचं तापमान १५ डिग्रीने वाढलं की आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं, फॅन काय हवा थंड करत नाही, खोलीतली हवा फक्त आतून फिरवतो. खोलीच ४० असेल तर आतला कुठलाच पार्ट ४० च्या खाली येणार नाही, कितीही पंखे लावा.

रेंडरवाला_अकोला

केली टेस्ट. खोलीत कूलर चालू, थर्मामीटर ३४ दाखवत होता.

काच लावून: प्रोसेसर ९६, कार्ड ८४.
काच काढून: प्रोसेसर ८५, कार्ड ७३.

म्हणजे हवेचाच प्रॉब्लेम दिसतो. तर मग वर लावू ना? की काच काढूनच ठेवू हा सीझन?

तांबडी_तार

काच काढून ठेवू नका, घरात लग्नाचे शूट येतात म्हणजे माणसांची ये-जा असणार, धूळ थेट बोर्डवर बसेल आणि कार्डच्या चालू फॅनमध्ये वायर-बियर, लहान पोरांची बोटं जायची भीती वेगळीच.

आणि वर लावायचं आत्ताच ठरवू नका. तुमच्या कॅबिनेटमधून हवा बाहेर काढायला मागे एक फॅन आहे. आत यायला काय आहे? समोर काच. काचेच्या कडेला जी बोटभर फट असते तेवढीच वाट. खोलीच्या खिडक्या-दारं लावून घेतली आणि एकावर दोन एक्झॉस्ट फॅन लावले तर हवा येणार कुठून, तोच प्रकार होईल इथे. पहिला फॅन समोर, आत हवा ओढणारा. तीनची जागा आहे तर दोन लावा, एक मधल्या आणि एक खालच्या जागेवर, खालच्याची हवा सरळ ग्राफिक्स कार्डला मिळते.

आधी समोरच्या काचेची फट किती आहे ते पण बघा. काच आणि फॅनच्या जागेमध्ये १५-२० एमएम तरी मोकळं पाहिजे. नसेल तर काही कॅबिनेटला समोरची काच स्क्रू काढून वेगळी करता येते, फक्त जाळी ठेवून चालवता येतं.

सीताबर्डीकर

मला पटत नाही. गरम हवा वर जाते हे तर शाळेत शिकलोय. माझ्याकडे वर दोन फॅन आहेत, बाहेर फेकणारे, नागपुरात राहतो म्हणजे उन्हाळा काही कमी नाही, आणि टेम्परेचर मस्त आहे. हात ठेवला तर वरून चांगली गरम हवा लागते.

शून्य_व्होल्ट

सीताबर्डीकर, तुमच्या कॅबिनेटला समोरून जाळी आहे का? असेल तर तुमचे वरचे फॅन समोरून हवा खेचून घेऊ शकतात म्हणून चालतंय. रेंडरवाल्यांकडे समोर काच आहे, फरक तिथे आहे.

गरम हवा वर जाते हे खरंच आहे पण एवढ्याशा डब्यात त्या वर जाण्याचा जोर फार थोडा असतो, १२० एमएमचा साधा फॅनपण त्याला सहज हरवतो. उलट वरच्या पुढच्या जागेवर एक्झॉस्ट लावला तर कधी कधी समोरून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच तो वरून ओढून बाहेर टाकतो. वर लावायचाच असेल तर मागच्या कोपऱ्यातल्या जागेवर लावावा.

आता थोडं गणित करतो, मला याशिवाय राहवत नाही. तुमचं कार्ड १२५ वॉटचं, प्रोसेसर कागदावर ६५ वॉटचा पण बोर्डाने मोकळं सोडलं तर फुल लोडला शंभरच्या वर सहज जातो, बाकी बोर्ड, रॅम, डिस्क धरून २५० वॉट पकडू. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. एक घनमीटर हवा एक डिग्रीने तापवायला साधारण १२०० ज्यूल लागतात. २५० वॉट बाहेर न्यायचे आणि आतली हवा खोलीपेक्षा फक्त १० डिग्री गरम चालेल असं धरलं तर तासाला ७५ घनमीटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी, फॅनवाल्यांच्या भाषेत ४४ सीएफएम (मिनिटाला घनफूट). त्याच्या निम्मीच हवा जात असेल तर १० च्या जागी २० डिग्री. म्हणजे खोली ३४ असली तरी प्रोसेसरच्या कूलरला श्वास घ्यायला ५४ डिग्रीची हवा मिळते, मग तो ९६ ला गेला तर त्याचा काय दोष.

१२० एमएमच्या फॅनच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम लिहिलेलं असतं पण ते मोकळ्या हवेत. पुढे काच, जाळी, फिल्टर आला की बराच कमी होतो. म्हणून समोर दोन.

सीताबर्डीकर

हो, जाळीवालंच आहे माझं. ठीक, मग त्यांच्या केसमध्ये समोरून बरोबर. गणित आवडलं.

जुनी_मदरबोर्ड

चांगली चर्चा. माझा पण प्रश्न घुसवतो, सोडवा प्लीज. ऑफिसच्या लिलावातून घेतलेला जुना डेस्कटॉप आहे, मुलीच्या अभ्यासाला दिलाय, कॅबिनेटला फॅनची जागाच नाही मागे, बोर्डवर सीपीयू (प्रोसेसर) फॅनशिवाय दुसरी पिन पण नाही. तिथे काय करता येईल?

तांबडी_तार

जुनी_मदरबोर्ड, तुमचं पुढे सांगतो, आधी यांचं फॅन खरेदी आणि वायरिंग उरकू.

रेंडरवाले, घ्यायचा तो १२० एमएम, २५ एमएम जाडीचा, चार पिनचा म्हणजे पीडब्ल्यूएमवाला (बोर्डच्या सिग्नलवर स्पीड बदलणारा). स्क्रूची भोकं १०५ एमएम अंतरावर असतात, ते स्टँडर्ड आहे, कुठल्याही कंपनीचा बसेल. तुमच्याकडे समोर काच आहे म्हणून स्टॅटिक प्रेशर चांगलं असलेला बघा, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलणारा, त्याची पाती रुंद असतात आणि पात्यांमध्ये फट कमी असते. आर्क्टिकचा पी१२ पीडब्ल्यूएम या कामाला चांगला आणि परवडणारा आहे. बजेट जास्त असेल तर नॉक्टुआ, पण रेंडरिंगसाठी तेवढी गरज नाही असं माझं मत. बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक असलेलं घ्या, साधं स्लीव्ह बेअरिंग उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि आडवं बसवलं तर अजून लवकर.

लाईटवाल्यांच्या मागे लागू नका. खूप स्वस्त आरजीबी (रंगीत लाईटच्या) फॅनला स्पीड कंट्रोल नसतो, मोलेक्सवर (थेट वीज देणारा प्लग) कायम फुल स्पीडने ओरडत राहतात. आणि लाईटवाला घेतलाच तर लक्षात ठेवा, तीन पिनचा एआरजीबी ५ व्होल्टवर चालतो आणि चार पिनचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टच्या लाईटला १२ व्होल्ट दिले की लाईट गेलेच.

मेहकरची_लेक

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, तिथे हातात धरून बघून घेता येतात. पण अकोल्यात मिळाला नाही तर ऑनलाइनच मागवा, लोकल दुकानात बऱ्याचदा तेच बिननावाचे लाईटवाले गळ्यात मारतात.

बसवताना दिशा बघा. फॅनची एक बाजू मोकळी असते आणि दुसऱ्या बाजूला मोटर धरायला चार दांड्या आणि स्टिकर असतो. हवा मोकळ्या बाजूने आत शिरते आणि स्टिकरच्या बाजूने बाहेर येते. म्हणजे समोरच्या फॅनची मोकळी बाजू काचेकडे आणि स्टिकर कॅबिनेटच्या आत. काहींच्या कडेवर बाण पण कोरलेले असतात, एक फिरण्याचा आणि एक हवेचा. चालू झाल्यावर टिश्यू पेपरची छोटी पट्टी काचेच्या फटीशी धरा, आत ओढली गेली पाहिजे.

स्क्रू जाड आट्यांचे असतात, फॅनच्या प्लॅस्टिकमध्ये पहिल्यांदा घट्ट जातात, जोर लावावा लागतो, घाबरू नका. पण कॅबिनेटचे बारीक आट्यांचे स्क्रू त्यात घालू नका.

रेंडरवाला_अकोला

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. आर्क्टिकचे दोन मागवले. बोर्डवर सिस फॅन १ आणि सिस फॅन २ असं लिहिलंय, मागचा फॅन १ वर आहे आणि तो तीन पिनचा आहे. दोन नवीन एकाच पिनवर लावता येतील का? जळणार तर नाही काही?

शून्य_व्होल्ट

येतील. साधारण बोर्डच्या एका फॅन हेडरला (फॅन जोडायच्या पिनांना) १ अँपिअरपर्यंत म्हणजे १२ वॉट चालतात, बोर्डच्या मॅन्युअलमध्ये एकदा खात्री करा. १२० एमएमचा एक फॅन बहुतेक वेळा ०.१ ते ०.३ अँपिअर घेतो, फॅनच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते दोघांचं मिळवून बघा. वाय आकाराची पीडब्ल्यूएम स्प्लिटर वायर घ्या. तिच्या एका टोकाला तीनच तारा असतात, स्पीड सांगणारी तार मुद्दाम एकाच फॅनची पुढे नेलेली असते, नाहीतर बोर्डला दोन फॅनचे सिग्नल एकत्र मिळून आरपीएम (मिनिटाला फेरे) चुकीचा दिसेल. त्यामुळे एकच आरपीएम दिसला तर दुसरा बंद आहे असं समजू नका.

तीन पिनचा आणि चार पिनचा एका स्प्लिटरवर मिसळू नका. तीन पिनचा फॅन व्होल्टेज कमी-जास्त करून स्लो-फास्ट होतो. चार पिनच्याला कायम १२ व्होल्ट मिळतात आणि चौथ्या तारेवरून साधारण २५ किलोहर्ट्झचा सिग्नल त्याला किती फिरायचं ते सांगतो. म्हणून बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणारी बोर्डची सेटिंग) सिस फॅन १ ला डीसी मोड आणि सिस फॅन २ ला पीडब्ल्यूएम मोड करा. पीडब्ल्यूएम मोडवर तीन पिनचा ठेवला तर तो कायम फुल फिरतो.

काम करताना मशीन बंद, मागची वायर काढलेली, आणि वायर काढल्यावर पॉवर बटण एकदा दाबून धरा म्हणजे उरलासुरला चार्ज जाईल. हात एकदा कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) मात्र कुणीही उघडू नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावर पण ३०० व्होल्टच्या वर राहू शकतात. एसएमपीएसचा फॅन आवाज करतोय म्हणून घरी उघडणारे लोक बघितलेत, हात जोडून सांगतो करू नका.

मेहकरची_लेक

एक राहिलं. फॅन बसवण्याआधी कॅबिनेट साफ करून घ्या, उघडणारच आहात तर. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने किंवा पेन्सिलने धरून ठेवा, हवेच्या जोराने ती नको तेवढी वेगात फिरली की बेअरिंग खराब होतं.

लाल_माती

कूलरबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून विचारतो. मी रत्नागिरीचा, आमच्याकडे खारी दमट हवा, कॅबिनेटच्या स्क्रूवर गंज चढतो, कनेक्टर हिरवे पडतात, म्हणून मला पाण्याच्या कूलरची धास्ती वाटते. कूलरची गार ओली हवा फॅनने आत ओढून घ्यायची, बोर्डवर पाणी धरणार नाही का?

शून्य_व्होल्ट

चांगला प्रश्न. पाणी धरतं ते हवेपेक्षा थंड असलेल्या वस्तूवर. चालू कॉम्प्युटर आतून खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे कूलरची दमट हवा आत गेली की तापून उलट कोरडीच होते. चालू मशीनमध्ये दव पडायची भीती नाही. आणि ४२ ची खोली कूलरने ३४ वर आणली तर प्रोसेसर, कार्ड, डिस्क सगळं एकदम ७-८ डिग्रीने खाली येतं, हा फायदा फॅनच्या फायद्यावर वेगळा. रेंडरिंगच्या वेळी कूलर चालू ठेवाच.

भीती आहे ती उडणाऱ्या थेंबांची. कूलर जवळ असेल, पाणी जास्त सोडलं असेल तर झोताबरोबर बारीक तुषार येतात, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते वाळलं की पांढरा क्षार मागे राहतो आणि दमट धूळ बोर्डवर चिकटून बसते, ब्लोअरनेही निघत नाही. म्हणून कूलरचा झोत सरळ कॅबिनेटवर नको, कूलर एका भिंतीला आणि मशीन बाजूच्या भिंतीला असं ठेवा आणि एक खिडकी उघडी ठेवा. तुमच्या कोकणातली गोष्ट वेगळी, तिथे हवेतच मीठ आहे आणि महिनोन् महिने बंद पडलेलं मशीन जास्त खराब होतं. रोज थोडा वेळ चालू ठेवलेलं बरं.

सीताबर्डीकर

हे कूलरचं अगदी बरोबर. आमच्याकडे कूलरच्या समोरचं मशीन आणि आतल्या खोलीतलं मशीन उघडून बघा, धुळीत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो.

रेंडरवाला_अकोला

अपडेट देतो. फॅन आले, बसवले, समोर दोन आत ओढणारे, मागचा होता तसाच बाहेर फेकणारा. समोरची काच आणि फॅनमध्ये बोटभर जागा निघाली म्हणून काच ठेवली. आत साफ केलं, हीटसिंक उघडून पेस्ट पण बदलली, जुनी पार खडूसारखी झाली होती.

खोली ३४, काच बंद, तोच एक्सपोर्ट: प्रोसेसर ८१, कार्ड ७५. काच उघडून जेवढं येत होतं त्यापेक्षा प्रोसेसर खाली आलाय! रेंडरचा स्पीड आता शेवटपर्यंत पडत नाही, हेच पाहिजे होतं. लय लय आभार.

फक्त एक, प्रोसेसर जरा गरम झाला की फॅन घूंऽ करून वर जातात, परत खाली, परत वर. रात्री घरचे झोपलेले असतात. आणि ज्या इफेक्टला फक्त कार्ड तापतं तेव्हा मात्र फॅन हळूच फिरत राहतात. काहून होतं असं?

तांबडी_तार

वा, मस्त उतरलं. यातले काही डिग्री पेस्टचे आहेत आणि कार्ड उतरलंय ते बहुतेक समोरच्या हवेचं.

फॅनचं असं आहे की बोर्ड त्यांना प्रोसेसरच्या टेम्परेचरवर चालवतं. ते एका सेकंदात १५ डिग्री वर-खाली होतं, फॅन बिचारा त्याच्यामागे पळतो. बायोसमध्ये स्मार्ट फॅनमध्ये जाऊन सिस फॅन २ चा सोर्स सीपीयूऐवजी सिस्टीम किंवा मदरबोर्ड करा, आणि स्टेप अप टाइम (स्पीड वाढवायला घ्यायचा वेळ) असेल तर जास्तीत जास्त करा. कर्व्ह (कोणत्या टेम्परेचरला किती स्पीड ते दाखवणारी रेघ) सपाट ठेवा, कॅबिनेटच्या फॅनला घाई नसते. कार्डप्रमाणे फिरवायचे असतील तर फॅन कंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कार्ड आणि प्रोसेसर यातलं जे जास्त तापेल त्यावर फॅन चालवता येतात.

शून्य_व्होल्ट

आणि फुल स्पीडची हाव धरू नका. फॅनचा स्पीड निम्मा केला की हवा साधारण निम्मी होते पण वीज आठव्या हिश्श्यावर येते आणि आवाज तर खूपच पडतो. दोन फॅन हळू फिरवलेले एक फॅन जोरात फिरवण्यापेक्षा कधीही बरे. तुमच्याकडे दोन आहेतच.

तांबडी_तार

आता जुनी_मदरबोर्ड यांचं. मागे जागा नाही म्हणता, पण समोरच्या प्लॅस्टिकच्या मागे पत्र्यावर ८० किंवा ९२ एमएमच्या फॅनची भोकं आहेत का बघा, ऑफिसच्या बऱ्याच कॅबिनेटना असतात आणि कंपनीने फॅन दिलेला नसतो. ८० एमएमला भोकं ७१.५ एमएमवर, ९२ ला ८२.५ वर. पिन नाही तर मोलेक्स किंवा साटा पॉवरवरून फॅनला वीज देणारी वायर मिळते, त्यात पिवळी तार १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळ्या दोन्ही ग्राउंड. १२ वर फॅन फुल फिरेल, आवाज वाटला तर कमी आरपीएमचाच फॅन घ्या. ५ व्होल्टवर लावून गप्प करता येतो पण प्रत्येक फॅन ५ वर सुरू होईलच असं नाही, चालू करून, बंद करून, परत चालू करून बघायचं.

पत्रा कापायची वेळ आली तर बोर्ड, एसएमपीएस, डिस्क सगळं बाहेर काढल्याशिवाय ड्रिल लावू नका. लोखंडाचा बारीक कीस बोर्डवर एक जरी राहिला तरी शॉर्ट करतो. कडेला फाईल मारा, फॅनवर तारेची जाळी लावा, मुलगी वापरते म्हणताय.

पण त्याआधी तुम्हीपण साईडचा पत्रा काढायची टेस्ट करा. अभ्यासाला, ब्राउझर आणि व्हिडिओ बघायला वापरताय तर हीटसिंक साफ करून आणि पेस्ट बदलून बहुतेक भागेल, पत्रा कापायची गरजच पडणार नाही.

जुनी_मदरबोर्ड

समोर ९२ ची भोकं आहेत! कधी बघितलंच नव्हतं कोणी. पेस्ट रविवारी बदलतो आणि पत्रा काढून टेस्ट करतो. आकडे इथेच टाकतो.

रेंडरवाला_अकोला

सोर्स सिस्टीम केला, घूं घूं बंद झालं. फॅन कंट्रोल उद्या टाकतो, आज रात्री एक्सपोर्ट लागलाय.